आजार मान्य, कारण अमान्य

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे पती तोपखान्यात 24 वर्षे नोकरी करून मे 2023मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने दोन्ही कानांचे कमी झालेले ऐकणे आणि कमरेच्या मणक्यातील चकतीचा विकार मिळून 30 टक्के अपंगत्व लिहिले. पुढे डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाल्याचे पत्र आले आणि ते यांनी कपाटात ठेवून दिले. अपील करू या म्हटले की म्हणतात, ‘ज्यांचे पाय गेले त्यांनी मागावे, मी कोणत्या तोंडाने मागू?’ गेल्या गणपतीत आरतीनंतर माझे थोरले दीर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘याला ढोल-ताशे ऐकू येतात, फक्त सरकारी कागदावर बहिरा आहे.’ कॉलनीतील एक निवृत्त अधिकारीही म्हणाले, की अशा मागण्यांमुळे फौजेचे नाव खराब होते. खरे सांगते, माझ्याही मनात शंका येते. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर यांना ऐकू येत नाही, मित्राचा फोन मात्र नीट ऐकू येतो. मागच्या महिन्यात भरलेला सिलिंडर यांनी एकट्याने उचलून आत आणला. शिवाय ते एका गोदामावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून नोकरी करतात. आम्ही मागू ते हक्काचे ठरेल की खोटेपणाचे? आणि लोकांना काय उत्तर द्यावे? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर:

ताई, कपाटात ठेवलेले ते पत्र आधी बाहेर काढा आणि नामंजुरीचे कारण ज्या ओळीत लिहिले आहे ती ओळ शांतपणे वाचा. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते आणि तुमच्या पतींचे 30 टक्के नोंदले गेले आहे, त्यामुळे ‘आजारच नाही’ असे त्या पत्रात असण्याची शक्यता फार थोडी आहे. हा विकार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, अशा अर्थाचे वाक्य तेथे असणार. फौजी मंडळी आपसात त्यालाच ‘एनएएनए’ म्हणतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमचे दीर ज्या गोष्टीवर शंका घेत आहेत, तिच्यावर सरकारने शंका घेतलेलीच नाही. लष्करी डॉक्टरांनी कान तपासले, कंबर तपासली आणि दोष आहे असे सहीनिशी लिहून दिले. वाद राहिला आहे तो एवढाच, की हा दोष नोकरीने दिला की नोकरीत असताना आपोआप आला. घरात मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, आणि पहिल्याचा निकाल लागलेला असूनही त्याचीच सुनावणी आरतीच्या ताटापाशी पुन्हा पुन्हा चालू आहे.

आता तुमच्या स्वतःच्या शंकेकडे वळतो, कारण मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटते. तोफेजवळ वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा कान सगळा एकसारखा बधिर होत नाही. मोठ्या आवाजाने आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात, आणि पहिल्यांदा ज्या मरतात त्या साधारण 3000 ते 6000 हर्ट्झ या वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या असतात. कानाच्या तपासणीच्या आलेखावर म्हणूनच बहुधा 4000 हर्ट्झजवळ एक खाच दिसते. ढोलाचा आवाज या पट्टीच्या फार खाली असतो, तो छातीलाही जाणवतो. बोलण्यातले स्वरही खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. हरवतात ते ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक, फुसफुसणारे व्यंजनध्वनी. ‘साठ’ म्हटलेले अशा माणसाला ‘आठ’ ऐकू येते. बाईचा किंवा लहान मुलाचा आवाज पुरुषाच्या आवाजापेक्षा लवकर निसटतो. स्वयंपाकघरात तुमची पाठ त्यांच्याकडे असते, नळ चालू असतो, कुकर शिट्टीच्या बेतात असतो आणि या सगळ्या गलक्यातून त्यांनी तुमचे शब्द वेचून काढायचे असतात. मित्राचा फोन मात्र कानाला चिकटलेला असतो, समोर एकच माणूस असतो, आवाज ओळखीचा असतो आणि बोलण्याचा विषयही आधीच ठाऊक असतो. या दोन प्रसंगांत फरक पडला नसता तरच नवल होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या अनुभवाशी ताडून पाहा. हळू बोलले तर ‘काय म्हणालीस?’ आणि तेच जरा मोठ्याने सांगितले तर ‘ओरडतेस कशाला?’ असे तुमच्याकडे होते का? होत असेल, तर तो तिरसटपणा नव्हे. आतला कान बिघडला, की ऐकू येण्याची किमान पातळी वर जाते, पण सहन होण्याची कमाल पातळी वर जात नाही. त्यामुळे ‘ऐकू येत नाही’ आणि ‘कानठळ्या बसतात’ यांच्यामधली जागा चिंचोळी होते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत ‘याला हवे तेवढेच ऐकू येते’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरत राहते. तुम्हाला खात्रीच करून घ्यायची असेल, तर बेरा नावाची तपासणी आहे. तिच्यात रुग्णाने बटण दाबायचे किंवा ‘ऐकू आले’ असे सांगायचे नसते. आवाज दिल्यावर कानाच्या नसेतून आणि मेंदूच्या देठातून उमटणारी विद्युतलहर यंत्र स्वतः नोंदवते. तेथे ऐकू न आल्याचे सोंग चालत नाही.

सिलिंडरचे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसह वजन सुमारे तीस किलो भरते, तेव्हा तुम्ही चमकलात हे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावरून कसे उठले, हे तुम्ही लिहिलेले नाही. चकतीच्या विकारात चांगले दिवस असतात आणि वाईटही असतात, आणि चांगल्या दिवशी केलेल्या कामाची किंमत पुष्कळदा पुढचे दोन-तीन दिवस मोजावी लागते. घरातल्या बाईला सिलिंडर ओढताना पाहून गप्प बसणे त्यांना जमले नसेल, एवढाच अर्थ त्या प्रसंगातून मी काढीन. आणि 30 टक्के म्हणजे शंभर नव्हेत. कोणाही डॉक्टरने ‘हा माणूस काही उचलू शकत नाही’ असे लिहिलेले नाही. त्यांच्या नोकरीचेही तेच आहे: निवृत्तीनंतर अन्यत्र काम करण्याची डिसॅबिलिटी पेन्शनला आडकाठी नाही. ही रक्कम बेकारीचा भत्ता म्हणून दिली जात नाही. सेवेत शरीराचे जे कायमचे नुकसान झाले, त्याची ती भरपाई आहे.

कॉलनीतील त्या साहेबांचे म्हणणे मी एकदम उडवून लावणार नाही. खोटे किंवा फुगवलेले दावे होतात. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांवर किती जणांना ही पेन्शन मिळते, हा प्रश्न कॅगनेही आपल्या अहवालात उपस्थित केला होता, आणि 21 सप्टेंबर 2023पासून नवे हक्क-नियम लागू झाले तेव्हाही गैरफायद्याची चर्चा बरीच झाली. (कॅगच्या पाहणीत अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत जास्त आढळले होते, हे त्या साहेबांना ऐकवायलाच हवे असे नाही.) पण ही तक्रार खरी मानली तरी तिच्यातून तुमच्या पतींविषयी काहीच सिद्ध होत नाही. बधिर कान आणि तोफ यांचा संबंध लावायला फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. खोटे दावे रोखायचे असतील तर ते काम बोर्डाचे आहे, तपासणीच्या यंत्रांचे आहे; खऱ्या माणसाने लाजेने मागे सरायचे आणि निर्लज्ज माणसाने पुढे होऊन घ्यायचे, या व्यवस्थेने फौजेच्या नावाचे भले कसे होते ते मला समजत नाही. तुमचे पती मे 2023मध्ये निवृत्त झाल्यामुळे त्यांना नव्याऐवजी आधीचे नियम लागू होतात, हेही लक्षात ठेवा. तुम्हाला सल्ला देणारे पुष्कळ जण या दोहोंची सरमिसळ करतील.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. सिग्नल कोअरमधील एका शिपायाला फेफऱ्याच्या विकारामुळे सेवेतून काढले होते, अपंगत्व 20 टक्के होते आणि आजार सेवेशी संबंधित नाही म्हणून पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळच्या वैद्यकीय नोंदीत दोष लिहिलेला नसेल, तर तो माणूस त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे, आणि नंतर आलेला विकार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर राहील. शंकेचा फायदाही सैनिकालाच मिळेल. तुमच्या पतींची भरती झाली तेव्हा कान तपासूनच त्यांना आत घेतले असणार. ‘विकार शांतता क्षेत्रातील नेमणुकीत असताना सुरू झाला, म्हणून सेवेशी संबंध नाही’ असे एखादे ठोकळेबाज वाक्य बोर्डाच्या कागदात असेल, तर ते कारण फारसे भक्कम नसते. तोफांचा सराव फायरिंग रेंजवर होतो आणि रेंज काही सीमेवर नसते. तरीही निकाल आपल्याच बाजूने लागेल असे मी म्हणणार नाही. कान आणि कंबर यांचा विचार वेगवेगळा होईल. कमरेचा संबंध दाखवायला जास्त कष्ट पडतील, कारण असा विकार नागरी नोकरीतही पुष्कळांना होतो. इतर काही खटल्यांत न्यायालयांनी बोर्डाच्या मताला मान देऊन दावे फेटाळलेही आहेत.

प्रश्न किती पैशांचा आहे, हेही पाहू, कारण कुजबुजीत आकडे नेहमी फुगतात. शंभर टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के एवढा अपंगत्वाचा भाग नेहमीच्या पेन्शनवर मिळतो आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी मिळतो. 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 धरावे असा नियम आहे आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही त्याचा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात डिसेंबर 2014मध्ये ठरवले. शेवटचे हिशेबी वेतन समजा 50,000 रुपये असेल, तर 50 टक्क्यांना महिन्याला 7,500 रुपये आणि त्यावर महागाई सवलत, असा हा मामला आहे. ज्या दोषापायी माणूस आयुष्यभर नातवंडांचे बोलणे अर्धेमुर्धे ऐकणार, त्याची ही किंमत आहे. घबाड म्हणावे असे यात काही नाही.

‘ज्यांचे पाय गेले त्यांनी मागावे’ हे तुमच्या पतींचे म्हणणे मात्र या सगळ्या आकड्यांनी सुटणार नाही. त्यात सच्चेपणा आहे आणि त्याची थट्टा करू नका. त्यांना एवढेच सांगा, की लढाईत जखमी झालेल्यांसाठी युद्ध-जखम पेन्शन निराळी आहे आणि तिचा दरही मोठा आहे: शंभर टक्के अपंगत्वाला, सेवेत राहून निवृत्त झालेल्यास 60 टक्के आणि सेवेतून काढावे लागलेल्यास शेवटच्या वेतनाच्या शंभर टक्क्यांपर्यंत. यांनी अर्ज केला नाही म्हणून पाय गमावलेल्या कोणत्याही जवानाच्या पदरात एक रुपयाही जास्त पडणार नाही. त्यांच्या बॅटरीतला, म्हणजे तोपखान्याच्या तुकडीतला, दुसरा कोणी गनर अशीच मागणी करत असता, तर त्याला यांनी खोटारडा म्हटले असते का, हे त्यांनाच विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

ते तयार झाले, तर पहिले काम कागद मिळवण्याचे. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, मेडिकल कॅटेगरी (सेवेतील प्रकृतीची श्रेणी) खाली आणली गेली त्या वेळचे बोर्डाचे कागद आणि कानाचे जुने आलेख, हे सर्व त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करून नाशिक रोड कॅम्प येथील तोपखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावे. दाद न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कोणत्या वर्षी कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या तोफेवर आणि कोणत्या कामावर होते, रेंजवर कानाला संरक्षण मिळत होते की कापसाचे बोळे घालून भागवावे लागत होते, हे त्यांनी आठवून स्वतःच्या हाताने लिहून काढावे. बोर्डाने दोन ओळींत जे निकालात काढले, त्याला खरे उत्तर या मजकुरातूनच मिळेल. पहिले अपील नामंजुरीनंतर सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत करायचे असते. तुमची ही मुदत उलटून गेलेली दिसते. तरी उशिराचे कारण प्रामाणिकपणे लिहून विलंब माफ करण्याची विनंती करता येते. तेथे यश आले नाही तर दुसरे अपील असते आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. मध्य प्रदेशासाठी त्याचे खंडपीठ जबलपूरला आहे. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कागद दाखवा. सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळावे म्हणून 2025मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिची चौकशीही तेथेच करा. टक्केवारी वाढवून देतो, त्यातला हिस्सा द्या, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि दाव्यात एखादी गोष्ट जराही ताणून लिहिली गेली असेल, तर ती स्वतः खोडून टाका. कानाच्या नोंदी पुरेशा बोलक्या असताना कमरेचे दुखणे वाढवून सांगण्याची गरज नाही.

लोकांना काय सांगायचे, असे तुम्ही विचारले आहे. फारसे काही सांगू नका. तपासणीचे कागद नातेवाइकांना दाखवत फिरणे मला अजिबात पसंत नाही. एकदा दाखवले की प्रत्येक लग्नकार्यात नवी तपासणी सुरू होईल, आणि उद्या ते हसताना दिसले तरी त्याचा पुरावा होईल. भाऊजींनी पुन्हा विषय काढला, तर ‘भाऊजी, लष्कराच्या डॉक्टरांनी तपासून आजार मान्य केला आहे, पुढचे कायद्याने ठरेल’ एवढे बोलून ताट वाढायला घ्या. हे वाक्य तुम्ही उच्चारणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण त्या आरतीच्या वेळी तुम्ही गप्प होतात आणि ते तुमच्या पतींनी पाहिले असणार. तुमच्या मनातही शंका होती, हे त्यांना आडून न समजता तुमच्याच तोंडून समजलेले बरे. कानाचा आलेख दोघांनी मिळून पाहताना ते सांगता येईल. घरात एक बदल आजपासून करता येईल: हाक दुसऱ्या खोलीतून मारू नका, समोर जाऊन, चेहरा दिसेल असे बोला. श्रवणयंत्राची गरज आहे का, हे ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, तपासून घ्या. पेन्शनचा निकाल काहीही लागो, ती तपासणी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

अर्जावर सही त्यांचीच लागेल, म्हणून त्यांच्या मागे लपून काही पाठवू नका. फक्त एक हिशेब त्यांच्यापुढे एकदाच ठेवा: उशिरा दाद मागणाऱ्याला थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. निवृत्ती मे 2023ची असल्यामुळे मे 2026नंतर विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना त्या थकबाकीतून कायमचा वजा होईल.